परिचारिकांमधील कटिशूल व संधिशूल : निदानपरिवर्जनाचा व्यवहार्य विचार

प्रस्तावना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी उपस्थाता म्हणजे परिचारक. उपचारज्ञता, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. परंतु या चार पादांपैकी एक पादच रोगी होऊन आपल्यासमोर बसला, तर त्याची चिकित्सा कशी करावी, याचा विचार आपल्याकडून क्वचितच होतो.

आमचा दवाखाना तालुक्याच्या गावी रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे गेल्या अठरा वर्षांत परिचारिका भगिनी सातत्याने उपचारासाठी येत राहिल्या. त्यांची प्रधान वेदना बहुधा एकच असते : कंबर धरणे, गुडघे दुखणे, मान व खांदे जखडणे. या रुग्णांना तपासताना आमच्या हातून जी चूक दीर्घकाळ घडत होती, ती प्रांजळपणे मांडावी व त्यातून जे शिकावयास मिळाले ते वैद्यबंधु-भगिनींपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

एक प्रश्न

स्त्री-शल्य कक्षात काम करणाऱ्या ४३ वर्षे वयाच्या एक अधिपरिचारिका कटिशूलासाठी आमच्याकडे आल्या. आम्ही नाडी, जिव्हा, मल-मूत्र यांची परीक्षा केली, योगराज गुग्गुळ व स्थानिक अभ्यंगासाठी तैल दिले आणि पथ्याच्या कागदावर नेहमीप्रमाणे लिहिले : वजन उचलू नये, वाकू नये, जागरण करू नये, पंधरा दिवस पूर्ण विश्रांती. कागदाची घडी करीत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे सगळं बंद केलं तर माझ्या ड्यूटीत उरतं काय?"

आम्ही हसून तो प्रश्न बाजूस सारला. त्या पुन्हा आल्या त्या सुमारे वर्षाने. मधल्या काळात त्या जवळजवळ रोज डायक्लोफेनॅकची गोळी घेत होत्या. वेदना असह्य झाली की सहकारी भगिनीकडून इंजेक्शनही टोचून घेत. अम्लपित्त जडले होते आणि कटिशूल आता डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरत होता. निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा होय, हे सुश्रुताचार्यांचे मत आम्हांस ज्ञात होते. परंतु ज्या रुग्णाचे निदान हीच त्याची उपजीविका आहे, त्याला निदान सोडण्यास सांगणे म्हणजे चिकित्सा न करणेच होय, हे त्या दिवशी उमगले. निदान संपूर्ण वर्ज्य करता येत नसेल तर त्याचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकडा किती कमी होईल ते पाहावे आणि उरलेल्याचा परिणाम शमन-शोधनाने सावरावा, ही दिशा आम्ही तेव्हापासून स्वीकारली.

कर्मज निदानांचे विवेचन

चरकसंहितेत वातव्याधिचिकित्सिताध्यायात (चिकित्सास्थान, अध्याय २८) सांगितलेली हेतुमालिका परिचारिकेच्या दिनक्रमाशेजारी ठेवून वाचली तर विलक्षण साम्य आढळते. अतिजागरण, रूक्ष-अल्प आहार, अतिश्रम, वेगसंधारण, चिंता हे हेतू तेथे आहेत आणि कक्षातही आहेत. त्यांचा पृथक् विचार असा :

१) भारवहन व विषम अंगचेष्टा : रुग्णास कुशीवर वळविणे, वर सरकविणे, खाटेवरून ट्रॉलीवर घेणे, बेडपॅन देणे, चादर बदलणे या क्रियांत कंबर पुढे वाकलेली व बहुधा पिळलेली असते. नॅकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यविदांनी कटीतील कशेरुकांमधील चकतीवर पडणारा दाब मोजला होता. सरळ उभे असताना तो १०० मानल्यास पुढे वाकून उभे असता सुमारे १५० आणि हातात वजन घेऊन वाकले असता सुमारे २२० होतो, असे त्यांचे मापन होते. अमेरिकेतील 'नायॉश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्यासाठी ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, ही कमाल मर्यादा सुचविली. ६० किलो वजनाच्या निश्चेष्ट रुग्णास दोघींनी उचलले तरी प्रत्येकीच्या वाट्यास ३० किलो येतात. अर्थात दोघींनी उचलणेही पुरेसे सुरक्षित नव्हे. रुग्ण शक्यतो उचलावयाचा नसून सरकवावयाचा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

२) अतिस्थान : दीर्घकाळ उभे राहणे व कठीण फरशीवर सतत चालणे. याचा भार जानुसंधी, पार्ष्णी व पादतल यांवर पडतो.

३) रात्रिजागरण : रात्रपाळीचे जागरण रूक्षगुणाने वातवृद्धी करते. पाळी दर काही दिवसांनी बदलत असल्याने ते सात्म्यही होत नाही.

४) वेगधारण : अष्टांगहृदयात सांगितलेल्या तेरा धारणीय नसलेल्या वेगांपैकी मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, निद्रा व श्रमश्वास हे सहा वेग परिचारिकेस नित्य धारण करावे लागतात. पुष्कळ भगिनी मूत्रप्रवृत्तीसाठी जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. २०२०-२१ मध्ये कोविडच्या साथीत संरक्षक पोशाख चढविल्यावर तासन् तास पाणी व मूत्रविसर्जन दोन्ही वर्ज्य होत असे. त्याच काळात अतिदक्षता विभागात रुग्णांस पालथे करण्याचे कष्टही होते. त्या वर्षांत सुरू झालेला कटिशूल अद्याप न शमलेल्या भगिनी आजही आमच्याकडे येतात.

५) आहारवैषम्य : जेवणाची वेळ निश्चित नाही, चहा-बिस्किटे, फरसाण यांवर पाळी निभावली जाते.

६) गृहकर्म व मानस हेतू : पाळी संपली तरी श्रम संपत नाहीत. घरी पुन्हा स्वयंपाक, धुणे, वृद्धांची सेवा. शिवाय रुग्णाचा मृत्यू, नातेवाइकांचा रोष यांचा ताण असतो. तोही वातप्रकोपकच होय.

संप्राप्ती

पक्वाशयाबरोबरच कटी, सक्थि व अस्थी ही वाताची स्थाने होत. वेगधारणाने अपान दुष्ट होतो, अतिश्रमाने व्यान दुष्ट होतो आणि जागरण व अल्पाशनाने धातुक्षय होतो. भाराने आधीच खवैगुण्य झालेल्या कटी व जानू या स्थानी प्रकुपित वात स्थानसंश्रय करतो. म्हणून केवळ कंबरेस लेप लावून हा शूल शमत नाही. पक्वाशयाचा विचार करावाच लागतो. चाळिशीपुढील भगिनींत रजोनिवृत्तीचा काळही जवळ आलेला असतो. त्यामुळे अस्थिधातूच्या क्षयाचा विचार त्याच वेळी करावा.

व्यवच्छेदक निदान

सर्व सांधेदुखी वातज समजून स्नेहन आरंभणे धोक्याचे आहे. पुढील भेद ध्यानी घ्यावेत.

संधिगतवात : श्रमाने वाढणारी व विश्रांतीने उतरणारी वेदना, आकुंचन-प्रसारणात शूल, वायूने भरलेल्या पिशवीसारखा स्पर्श असणारा शोथ.

गृध्रसी : स्फिक्, कटी, ऊरू, जानू, जंघा व पाद या क्रमाने उतरणारी रुजा, पाय सरळ ठेवून उचलताना वेदना वाढते.

आमवात : अंगमर्द, अरुची, गौरव, क्वचित ज्वर, सकाळी दीर्घकाळ राहणारे जखडलेपण, हातांच्या लहान सांध्यांना शोथ. येथे प्रारंभी अभ्यंग केल्यास शोथ व शूल वाढतो. आर. ए. फॅक्टर, अँटी-सीसीपी, ई. एस. आर. या तपासण्या करून संधिवाततज्ज्ञांचे मत घ्यावे. मेथोट्रेक्सेटसारखे औषध चालू असल्यास ते आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद करू नये.

वातरक्त : पादांगुष्ठादी लहान सांध्यांपासून आरंभ, दाह, लाली, स्पर्शासहत्व. यूरिक अम्ल तपासावे.

ज्वरोत्तर संधिशूल : २००६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हापासून हा प्रकार आपणांस परिचित आहे. ज्वर जाऊनही संधिशूल कित्येक महिने टिकतो. म्हणून पूर्वीच्या ज्वराचा इतिहास विचारावा.

याशिवाय पुढील लक्षणे दिसताच स्वतः चिकित्सा करीत न बसता रुग्णास तत्काळ पुढे पाठवावे : मूत्र अडणे किंवा नकळत होणे, मलप्रवृत्तीवरील ताबा जाणे, गुदप्रदेशी बधिरता, पायाची शक्ती कमी होणे, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, कारणाविना कृशता, संध्याकाळी येणारा ज्वर, पूर्वीचा अर्बुदाचा इतिहास. परिचारिका क्षयरोग्यांच्या सान्निध्यात काम करतात, हे विसरू नये. कटिशूलासह सायंज्वर व वजनात घट असेल तर पाठीच्या मणक्यांचा क्षय वगळल्यावाचून बस्तीचा विचारही करू नये.

प्रश्नपरीक्षा

या रुग्णांत दर्शन-स्पर्शनापेक्षा प्रश्नपरीक्षेस अधिक महत्त्व आहे, असा आमचा अनुभव आहे. आम्ही आता पुढील प्रश्न आवर्जून विचारतो :

कोणत्या कक्षात काम आहे? रात्री कक्षात किती जणी असतात? परावलंबी रुग्ण किती? खाट वर-खाली करता येते का? रुग्णास वळविताना मावशी किंवा वॉर्डबॉय मिळतो का? पाळीत पाणी किती व मूत्रप्रवृत्तीस किती वेळा जाता? रात्रपाळीनंतर घरी गेल्यावर प्रथम काय करता? वेदनाशामक गोळी कोणती, आठवड्यातून किती?

शेवटचा प्रश्न विशेष मृदुतेने विचारावा. औषध हाताशी असल्याने परिचारिका स्वतःच उपचार करतात व ते सांगण्यास संकोचतात. दीर्घकाळ अशी औषधे घेणाऱ्यांत आमाशय व वृक्क यांची तपासणी आवश्यक आहे.

निदानपरिवर्जनाचे व्यावहारिक रूप

"वाकू नका" असे सांगण्याऐवजी "असे वाका" असे सांगता आले पाहिजे. केवळ उचलण्याची पद्धत शिकवून पाठदुखी टळत नाही, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. साधने व पुरेसे मनुष्यबळ यांची त्यास जोड लागतेच. तरीही पुढील गोष्टी आज, आहे त्या स्थितीत करता येतात :

१) रुग्णास हात लावण्यापूर्वी त्यास त्याचे साहाय्य मागावे. पाय दुमडून टाच गादीवर रोवण्यास व "एक, दोन, तीन" म्हणताच ढकलण्यास सांगितल्यास अर्धा भार तोच उचलतो.

२) निश्चेष्ट रुग्णाखाली आडवी चादर घालून, दोन्ही बाजूंनी दोघींनी ती धरून सरकवावे, काखेत हात घालून ओढू नये.

३) रुग्ण प्रथम आपल्या बाजूस जवळ घ्यावा. हात लांब करून उचललेले थोडे वजनही कटीस जड होते.

४) कंबर पिळण्याऐवजी पावले वळवावीत. एक पाऊल पुढे, एक मागे ठेवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा.

५) सलाईन लावणे, जखम बांधणे ही कामे शक्य तेथे स्टुलावर बसून करावीत. ट्रॉली ओढण्यापेक्षा ढकलावी.

६) दीर्घकाळ उभे राहताना एक पाय आलटून पालटून लहान पाटावर ठेवावा. पादत्राण मऊ तळाचे, टाच धरून ठेवणारे असावे.

७) पाळीच्या आरंभी, मध्ये व शेवटी मूत्रविसर्जनास जाण्याचा नेम ठेवावा. दोघींनी आपसांत ठरविल्यास हे जमते.

रात्रपाळीसंबंधी वाग्भटाचार्यांचा उपदेश अत्यंत उपयुक्त आहे. सवय नसताना जागरण घडल्यास, जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असे त्यांनी सांगितले आहे. आमच्या बहुतेक रुग्ण भगिनी याच्या नेमके उलट करीत : घरी येऊन स्वयंपाक, मग भरपेट जेवण, मग झोप. त्याने आम व वात दोन्ही वाढतात. म्हणून घरी येताच उष्णोदक स्नान, फार भूक असल्यास अल्प पेया, चार तास निद्रा आणि त्यानंतर भोजन, असा क्रम आम्ही लिहून देतो. हा क्रम घरातील मंडळींच्या सहकार्याविना पाळता येत नाही. यासाठी एकदा तरी पतीस किंवा सासूबाईंस सोबत बोलावून घेऊन समजावून सांगावे. यात आम्हांस अपेक्षेहून अधिक यश आले.

चिकित्सा

साम अवस्थेत प्रथम लंघन, शुंठीसिद्ध जल, रास्नासप्तक क्वाथ, वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद. आमवातात सिंहनाद गुग्गुळ व बलानुसार एरंडस्नेह. निराम झाल्यावरच स्नेहन आरंभावे.

निराम वातज अवस्थेत सहचर तैल, महानारायण तैल यांपैकी एकाने कटी, जानू व पादतल यांस अभ्यंग. रोज सर्वांगास वेळ नसेल तर स्नानापूर्वी दहा मिनिटे एवढ्या स्थानांपुरता करावा. चरकाचार्यांनी अभ्यंगाचे फल सांगताना गाड्याच्या आसाचा दृष्टांत दिला आहे. वंगण न मिळालेला आस भाराने झिजतो, हे परिचारिकेस वेगळे समजवावे लागत नाही. आभ्यंतर औषधांत त्रयोदशांग किंवा योगराज गुग्गुळ, महारास्नादि क्वाथ, धातुक्षय असता अश्वगंधा, अस्थिक्षय असता लाक्षादि गुग्गुळ. थायरॉइडची अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास गुग्गुळ व अश्वगंधा देताना सावध असावे. गर्भारपणी ही औषधे टाळावीत. शुद्धतेची खात्री नसलेल्या 'सांधेदुखीच्या पुड्या' घेत असल्यास त्यांत स्टेरॉइडची भेसळ असण्याचा संभव रुग्णास स्पष्ट सांगावा.

कटिबस्ती गुणकारी आहे, परंतु कर्म झाल्यावर त्याच दिवशी भार उचलण्यास पाठवू नये. साप्ताहिक सुटी किंवा रजेच्या दिवसांत योजावी.

या रुग्णसमूहात आमच्या मते प्रधान कर्म मात्राबस्ती हेच होय. सिद्धिस्थानातील चौथ्या अध्यायात मात्राबस्तीस योग्य रुग्ण सांगताना कर्म, व्यायाम, भार व प्रवास यांनी कृश झालेल्यांचा नामनिर्देश आहे. तसेच या बस्तीस आहार-विहाराचे कडक बंधन नाही, असेही तेथे म्हटले आहे. ज्याला काम सोडता येत नाही अशा मनुष्याचा विचार करूनच जणू ही योजना झाली आहे. भोजनोत्तर सुखोष्ण सहचर तैल सुमारे ६० मिलि., असे सात ते नऊ दिवस आम्ही देतो. सकाळची पाळी असता दुपारच्या जेवणानंतर, दुपारची असता सकाळी लघु आहारानंतर. ज्वर, अतिसार, रक्तार्श व साम अवस्था यांत देऊ नये.

व्यायामात भुजंगासन, सेतुबंधासन, मार्जारासन व उदर-पृष्ठ स्नायूंचे सौम्य व्यायाम वेदना उतरल्यावर आरंभावेत. गृध्रसीच्या तीव्र अवस्थेत पुढे वाकण्याची आसने वर्ज्य.

रुग्णवृत्त : पुढील भाग

प्रारंभी उल्लेखिलेल्या भगिनीस अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठविले. एम. आर. आय. मध्ये चौथ्या व पाचव्या कटिकशेरुकांमधील चकती सरकलेली आढळली. पायाची शक्ती अबाधित असल्याने शस्त्रकर्माची निकड नव्हती. अम्लपित्ताची चिकित्सा करून मग मात्राबस्तीचे तीन क्रम दीड-दीड महिन्याच्या अंतराने केले. "विश्रांती" या एका शब्दाऐवजी आम्ही शिफारसपत्रात लिहिले : तीन महिने परावलंबी रुग्णास एकटीने वळवू नये, सलग रात्रपाळी देऊ नये. परिसेविका समंजस होत्या. त्यांनी काही काळ बाह्यरुग्ण विभागात काम दिले.

सहा महिन्यांनी पोटरीतील वेदना गेली होती. कंबर आजही धरते, विशेषतः रात्रपाळीनंतर. परंतु रोजची गोळी सुटून महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आली आहे. यास रोगमुक्ती म्हणता येणार नाही. कक्षात रात्री पूर्वीइतक्याच जणी असतात, खाटाही त्याच आहेत. याप्य व्याधीत वैद्याने जे साधावयाचे असते तेवढेच येथे साधले, असे आम्ही मानतो. त्या अद्याप सेवेत आहेत आणि आता नव्या मुलींना आडव्या चादरीने रुग्ण सरकविण्यास स्वतः शिकवितात.

उपसंहार

परिचारिकेचा कटिशूल हा वातव्याधी तर आहेच, परंतु त्याच्या हेतूंपैकी काही हेतू रुग्णाच्या हाती नसून कक्षाच्या रचनेत, पाळ्यांच्या तक्त्यात व मनुष्यबळाच्या तुटवड्यात आहेत. तेथपर्यंत आपले औषध पोहोचत नाही; आपले शिफारसपत्र मात्र पोहोचू शकते. म्हणून ते नेमके असावे. "विश्रांती घ्यावी" असे लिहिण्यापूर्वी ती कोठून मिळावयाची आहे, हा प्रश्न रुग्णास विचारावा. ज्या वैद्यबंधु-भगिनींची स्वतःची आंतररुग्णालये आहेत, त्यांनी हा विचार आपल्या कक्षापासूनच आरंभावा : तेथे रात्री कितीजणी असतात व त्यांना पाणी पिण्यास उसंत मिळते का, हे एकदा पाहावे. चतुष्पादांपैकी एक पाद दुखरा असता उरलेल्या तीन पादांवर चिकित्सा फार काळ उभी राहत नाही.

या विषयातील आपले अनुभव वाचकांनी अवश्य कळवावेत. विशेषतः मात्राबस्तीचा उपयोग ज्यांनी श्रमजीवी रुग्णांत केला आहे, त्यांच्या निरीक्षणांची आम्ही प्रतीक्षा करू.